विश्लेषण : स्केल मॉडेलवाल्यांचे लाडके ‘स्पिटफायर’ कोणी घडवले? रिव्हेट आणि वाटाण्याच्या डाळीचा त्याच्याशी काय संबंध?

विमानांची प्लास्टिक मॉडेल जोडण्याचा छंद असलेल्या कुणालाही विचारा, ‘स्पिटफायर’ एकदा तरी हाताखालून गेलेलेच असते. बहुतेकांचे तर ते पहिलेच किट असते. १/७२ या प्रमाणात हे विमान जेमतेम १२.७ सेंटिमीटर लांब आणि पंखांच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत १५.६ सेंटिमीटर रुंद. तळहातावर मावेल एवढेच. पण ते नीट जोडून, घासून, रंगवून पूर्ण करायला महिना सहज जातो.

किटच्या खोक्यावर कंपनीचे नाव असते, विमानाचा प्रकार असतो, आकाशात झेपावणारे चित्रही असते. ज्याने हे विमान घडवले त्याचे नाव मात्र फार क्वचित दिसते. ते नाव म्हणजे रेजिनाल्ड जोसेफ मिचेल. ज्या युद्धामुळे ‘स्पिटफायर’ घराघरात पोहोचले, ते सुरू होण्याच्या दोन वर्षे आधीच त्यांचे निधन झाले होते. तेव्हा त्यांचे वय होते अवघे ४२.

मिचेल कोण होते?

मिचेल यांचा जन्म २० मे १८९५ रोजी इंग्लंडच्या स्टॅफर्डशायर परगण्यातला. हा भाग मातीची भांडी आणि कोळशाच्या खाणींसाठी प्रसिद्ध. वडील आधी शिक्षक होते, पुढे छपाईच्या व्यवसायात गेले. राइट बंधूंनी १९०३ मध्ये उड्डाण केले तेव्हा मिचेल आठ वर्षांचे होते. ही बातमी युरोपात खऱ्या अर्थाने पसरली ती १९०८-०९ मध्ये. मिचेल तेव्हा हॅन्ले हायस्कूलमध्ये शिकत होते आणि भावाच्या साथीने घरीच विमानांची मॉडेल बनवून उडवत होते. कबुतरे पाळण्याचाही नाद होता.

आजच्यासारखी तयार किट तेव्हा नव्हती. काडी, कागद, सरस जे मिळेल ते आणायचे आणि आकार स्वतःच ठरवायचा. उडाले तर उडाले, नाही तर का पडले ते शोधायचे. मुलांच्या या खेळात आणि विमानाच्या आरेखनात मुळात फारसा फरक नाही, कारण तिथेही चुकीची शिक्षा लगेच मिळते.

सोळाव्या वर्षी, म्हणजे १९११ मध्ये, ते रेल्वे इंजिने बनवणाऱ्या ‘केर, स्टुअर्ट’ कारखान्यात उमेदवारीला लागले. दिवसा तेलकट कपड्यांत काम, रात्री वर्गात गणित आणि यंत्रशास्त्र. घरी त्यांनी लेथ मशीनही बसवले होते आणि त्यावर डायनॅमो बनवला होता. पदवी नव्हती. इंजिनीअरिंगच्या चार वर्षांत वर्कशॉपचा तास कसा टाळता येईल हे पाहणाऱ्या आमच्यासारख्यांना इथे थोडे खजील व्हायला होते.

१९१७ मध्ये ते साउदॅम्प्टनच्या ‘सुपरमरीन’ या कंपनीत गेले. ही कंपनी पाण्यावर उतरणारी विमाने बनवत असे. पुढच्याच वर्षी फ्लॉरेन्स डेसन यांच्याशी लग्न झाले. त्या मुख्याध्यापिका होत्या आणि मिचेल यांच्यापेक्षा ११ वर्षांनी मोठ्या. १९१९ मध्ये, वयाच्या चोविसाव्या वर्षी, मिचेल कंपनीचे मुख्य आरेखक झाले आणि १९२० मध्ये मुख्य अभियंता.

शर्यतीच्या विमानांनी काय शिकवले?

त्या काळात ‘श्नायडर ट्रॉफी’ नावाची समुद्री विमानांची शर्यत होती. पाच वर्षांत तीनदा जिंकणाऱ्या देशाला ट्रॉफी कायमची मिळणार, असा नियम. इटली, अमेरिका, ब्रिटन, फ्रान्स सगळेच तिच्या मागे होते. मिचेल यांच्या ‘सी लायन २’ने १९२२ मध्ये नेपल्सला बाजी मारली. पण खरा धडा मिळाला तो १९२५ मध्ये.

त्या वर्षी त्यांनी ‘एस.४’ हे विमान तयार केले. त्या काळात बहुतेक विमानांना दोन मजली पंख आणि त्यांना ताणून धरणाऱ्या तारा असत. ‘एस.४’ला एकच पंख होता आणि बाहेरून एकही तार नव्हती. काळाच्या पुढचे, अत्यंत देखणे विमान. अमेरिकेत बाल्टिमोर येथे शर्यतीआधीच्या सरावात ते पाण्यात कोसळले. वैमानिक हेन्री बियार्ड बचावले. हवेच्या झोताने पंख थरथरू लागले आणि ताबा सुटला, असा संशय होता.

पुढच्या ‘एस.५’मध्ये मिचेल यांनी काय केले? ते मागे आले. पंखांना पुन्हा तारा बांधल्या. दिसायला हे पाऊल उलटे होते, पण त्यांच्या हिशेबात सरळ होते. पंख पातळ आणि भक्कम हवा, मग तारेमुळे वाढणारा थोडा अवरोध परवडतो. सौंदर्यासाठी आग्रह धरणारा माणूस असे करत नाही. ‘स्पिटफायर’कडे पाहून मिचेल यांना कलावंत म्हणण्याची पद्धत आहे; ‘एस.५’कडे पाहिले की ती जरा भाबडी वाटते.

‘एस.५’च्या वेळी स्केल मॉडेलही मदतीला आली, मात्र छंदाची नव्हे, चाचणीची. विमानाच्या छोट्या प्रतिकृती नॅशनल फिजिकल लॅबोरेटरीच्या वाऱ्याच्या बोगद्यात टांगून त्यांच्यावर हवेचा झोत सोडला गेला. तराजूवर अवरोध मोजला गेला. यात एक अडचण कायम असते. विमान चौथाई आकाराचे करता येते, पण हवा चौथाई करता येत नाही. त्यामुळे लहान मॉडेलवर मिळालेले आकडे मोठ्या विमानाला जसेच्या तसे लागू पडत नाहीत, ते गणिताने दुरुस्त करून घ्यावे लागतात. शिवाय मॉडेलचा पृष्ठभाग खडबडीत राहिला तर सगळे मोजमाप बिघडते. म्हणजे पॉलिश पेपर घेऊन बसणारे लोक तिथेही होतेच.

१९२७ मध्ये व्हेनिस येथे ‘एस.५’ ताशी सुमारे ४५३ किलोमीटर वेगाने जिंकले. १९२९ मध्ये ‘एस.६’ने पुन्हा विजय मिळवला. त्या विमानाच्या पंखांची जवळजवळ सगळी कातडी इंजिनाचे पाणी थंड करण्यासाठी वापरली होती, कारण बाहेर वेगळा रेडिएटर लावला तर अवरोध वाढला असता.

तिसऱ्या विजयाच्या वेळी पैसे संपले. मंदीमुळे सरकारने हात वर केले. तेव्हा लेडी ह्यूस्टन या धनाढ्य महिलेने एक लाख पौंड दिले आणि १९३१ मध्ये ‘एस.६बी’ने ट्रॉफी कायमची ब्रिटनकडे आणली. त्याच महिन्यात, २९ सप्टेंबरला, याच प्रकारच्या विमानाने ताशी ६५५ किलोमीटरचा विश्वविक्रम केला. ट्रॉफी आणि विमान, दोन्ही आज लंडनच्या सायन्स म्युझियममध्ये आहेत. १९३२ मध्ये मिचेल यांना सीबीई हा किताब मिळाला.

मग ‘स्पिटफायर’ लगेच जमले का?

नाही. या जागी अनेक लेख थेट १९३६वर उडी मारतात, पण मधले अपयश महत्त्वाचे आहे. हवाई मंत्रालयाला नवे लढाऊ विमान हवे होते. मिचेल यांनी ‘टाइप २२४’ बनवले. फेब्रुवारी १९३४ मध्ये ते उडाले आणि निराशा झाली. पंख जाड, चाके कायम बाहेर, इंजिन वाफेवर थंड करण्याची नाजूक पद्धत. वेग ताशी ३६७ किलोमीटरच्या पुढे जाईना. आपल्याच शर्यतीच्या विमानापेक्षा कितीतरी मागे. मंत्रालयाने शेवटी ‘ग्लॅडिएटर’ हे जुन्या पद्धतीचे, दोन मजली पंखांचे विमान घेतले. सगळ्या जगाने वेगवान म्हणून ओळखलेल्या आरेखकाला हा चांगलाच टोला होता.

मिचेल यांनी त्या विमानाची डागडुजी करण्याऐवजी कोरा कागद घेतला. चाके आत ओढून घेता येतील, पंख पातळ असतील, इंजिन रोल्स-रॉइसचे नवे ‘मर्लिन’ असेल.

याच काळात घरात काय चालले होते, हे बाहेर फार थोड्यांना माहीत होते. ऑगस्ट १९३३ मध्ये मिचेल यांना गुदाशयाचा कर्करोग असल्याचे निदान झाले. मोठी शस्त्रक्रिया झाली. शौचासाठी पोटावर कायमचा मार्ग करावा लागला आणि पुढचे सगळे आयुष्य त्याच्यासह काढायचे होते. आजार उलटू शकतो हे डॉक्टरांनी सांगितले होते. १९३३ सालची ही शस्त्रक्रिया म्हणजे आजच्यासारखी सोय नव्हे. त्या काळी घरी बसणे कुणीही समजून घेतले असते. मिचेल कामावर परतले. इतकेच नाही, विमान चालवायला शिकले आणि जुलै १९३४ मध्ये वैमानिकाचा परवाना मिळवला. ‘टाइप २२४’चे अपयश आणि ‘स्पिटफायर’ची आखणी, दोन्ही या शस्त्रक्रियेनंतरच्या काळातली आहेत.

लंबवर्तुळी पंख कोणाचा?

मॉडेलवाल्यांमध्ये हा हमखास वादाचा विषय. ‘स्पिटफायर’ दुरूनही ओळखू येते ते त्याच्या लंबवर्तुळी पंखामुळे. हा आकार प्रामुख्याने ठरवला तो मिचेल यांच्या हाताखालचे कॅनडाचे वायुगतिशास्त्रज्ञ बेव्हर्ली शेनस्टोन यांनी. ते आधी जर्मनीत काम करून आले होते.

कारण सौंदर्याचे नव्हते, जागेचे होते. पंख पातळ हवा, पण त्याच पंखात आत ओढलेली चाके आणि आठ मशीनगन बसायला हव्यात. सरळ निमुळता पंख टोकाकडे लवकर अरुंद होतो, तिथे बंदूक मावत नाही. लंबवर्तुळी पंख बराच लांबपर्यंत रुंद राहतो आणि मग एकदम वळतो. त्यात या आकाराला हवेचा अवरोधही कमी. मिचेल यांना आकाराच्या नावाशी देणेघेणे नव्हते. बंदुका मावतात ना, एवढेच त्यांनी पाहिले, असे त्यांचे सहकारी सांगत.

हाच पंख किट जोडताना घाम काढतो. दोन्ही पंख मुळापासून वर सहा अंशांनी उचललेले असतात. एक पंख किंचित खाली राहिला तरी समोरून विमान लंगडे दिसते. पंख आणि धड यांच्यामधली फट पुट्टीने भरून, पाण्याच्या पॉलिश पेपरने घासून बेमालूम करायची, हे काम सर्वात वेळखाऊ. आणखी एक खुबी पंखाखाली आहे. सुरुवातीच्या ‘मार्क १’ प्रकारात उजव्या पंखाखाली पाण्याचा जाड रेडिएटर आणि डाव्या पंखाखाली तेलाचा बारीक कूलर असतो. नवखा माणूस दोन्ही बाजू सारख्या असतील असे धरून चालतो आणि भाग उलटसुलट चिकटवतो.

वाटाण्याच्या डाळीचा प्रयोग काय होता?

५ मार्च १९३६ रोजी साउदॅम्प्टनजवळच्या ईस्टले विमानतळावरून ‘के५०५४’ हा क्रमांक असलेले पहिले नमुना विमान उडाले. वैमानिक होते ‘मट’ समर्स. उड्डाण जेमतेम आठ मिनिटांचे. विमान हाताळायला उत्तम निघाले, पण वेग अपेक्षेपेक्षा कमी भरला. ताशी ५४० किलोमीटरच्या आसपास. त्याच सुमारास आलेले ‘हरिकेन’ हे विमान जवळपास तेवढेच धावत होते आणि ते बनवायला कितीतरी सोपे होते. मग इतक्या अवघड पंखाचे विमान सरकारने घ्यावे कशाला, हा प्रश्न उभा राहणार होता.

पंख्याचा आकार बदलला. विमानाचा पृष्ठभाग भरून, घासून गुळगुळीत केला आणि त्यावर फिकट निळसर करड्या रंगाचा चकचकीत थर चढवला. नव्या पंख्याने मे महिन्यात वेग ताशी ५६० किलोमीटरवर नेला. ३ जून १९३६ रोजी सरकारने ३१० विमानांची मागणी नोंदवली.

आता रिव्हेटची गोष्ट. विमानाच्या पत्र्यावर हजारो रिव्हेट असतात. डोके पत्र्यात बुडवलेले रिव्हेट हवेला अडवत नाहीत, पण ते बसवायला वेळ आणि पैसा जास्त लागतो. गोल डोक्याचे रिव्हेट स्वस्त आणि झटपट. नेमके कुठे बुडवलेले हवेत आणि कुठे गोल चालतील, हे शोधायला अभियंत्यांनी बुडवलेल्या प्रत्येक रिव्हेटवर वाटाण्याच्या डाळीचा दाणा चिकटवला. विमान उडवले, वेग मोजला. मग एकेका भागावरची डाळ काढत पुन्हा पुन्हा उडवले. सगळीकडे डाळ असताना वेग ताशी सुमारे ३५ किलोमीटरने कमी झाला होता. पंखावर बुडवलेले रिव्हेट आवश्यक ठरले, धडाच्या मागच्या भागावर गोल डोके चालून गेले.

त्यामुळे १९४० सालचे ‘स्पिटफायर’ बनवताना काही हौशी मंडळी धडाच्या मागच्या भागावर रिव्हेटचे उठाव दाखवतात आणि पंख सपाट ठेवतात, ते बरोबर आहे. सगळ्या विमानावर सारख्या खोलीचे खड्डे पाडणे दिसायला छान असले तरी चूक. खरे तर पाच मिलिमीटरचे रिव्हेट १/७२ प्रमाणात ०.०७ मिलिमीटरचे होते, म्हणजे केसाच्या जाडीएवढे. काटेकोर राहायचे तर ते दिसताच कामा नये. पण काहीच न दाखवता रंगवलेले विमान खेळण्यासारखे भासते, हेही खरे. हा तिढा प्रत्येकाने आपापल्या डोळ्यांनी सोडवायचा असतो.

मिचेल यांनी किती पाहिले?

फार थोडे. १९३७च्या सुरुवातीला कर्करोग पुन्हा उलटला. काम सोडावे लागले. एप्रिलअखेर उपचारांसाठी ते व्हिएन्नाला गेले, महिनाभरात परतले. उपयोग होण्याची वेळ निघून गेली होती. ११ जून १९३७ रोजी साउदॅम्प्टनच्या राहत्या घरी त्यांचे निधन झाले. मुलगा गॉर्डन तेव्हा १७ वर्षांचाही नव्हता.

त्या दिवसापर्यंत जगात एकच ‘स्पिटफायर’ होते, ‘के५०५४’. कारखान्यातून तयार झालेले पहिले विमान १९३८ मध्ये उडाले, कारण तो पंख मोठ्या संख्येने बनवणे सर्वांनाच जड गेले. ऑगस्ट १९३८ मध्ये डक्सफर्डच्या १९व्या स्क्वॉड्रनला पहिली विमाने मिळाली. पुढे जोसेफ स्मिथ यांनी आरेखनाची सूत्रे सांभाळली. इंजिन बदलले, पंख बदलले, शेपूट बदलली, वजन वाढत गेले. तरीही मूळ चौकट टिकली आणि एकूण २० हजारांहून अधिक ‘स्पिटफायर’ तयार झाली. स्मिथ यांचे नाव मिचेल यांच्याहूनही कमी लोकांना ठाऊक आहे, आणि हा अन्यायच म्हणायला हवा. आपण आज ज्या २४ ‘मार्क’ प्रकारांमधून किट निवडतो, त्यातले बहुतेक त्यांच्या देखरेखीखाली घडले.

मिचेल यांच्याबद्दलच्या अनेक दंतकथा १९४२ सालच्या ‘द फर्स्ट ऑफ द फ्यू’ या चित्रपटाने पसरवल्या. लेस्ली हॉवर्ड यांनी त्यात मिचेल रंगवले. समुद्रपक्षी पाहून विमान सुचणे, जर्मनीत जाऊन मेसरश्मिट यांना भेटून हादरणे, अतिश्रमाने मृत्यू येणे, हे सारे युद्धकाळातल्या पडद्यासाठी ठीक होते. प्रत्यक्षात मेसरश्मिट यांच्याशी भेट झाली नव्हती आणि मृत्यूचे कारण कर्करोग होते.

भारताशी नाते काय?

भारतीय हवाई दलाच्या स्क्वॉड्रननी दुसऱ्या महायुद्धात ब्रह्मदेशाच्या आघाडीवर ‘स्पिटफायर’ उडवली. १९४७-४८च्या काश्मीर युद्धातही ती वापरली गेली. दिल्लीत पालम येथील हवाई दलाच्या संग्रहालयात एक ‘स्पिटफायर’ आहे. त्यामुळे भारतीय चिन्हे लावलेले मॉडेल करायचे असेल तर ते काल्पनिक ठरत नाही.

पहिले मॉडेल करायचे तर कोणते निवडावे?

‘एअरफिक्स’ या ब्रिटिश कंपनीने काढलेले पहिले विमान-किट ‘स्पिटफायर’च होते. ते ढोबळ होते. आजची किट त्या मानाने फार नेमकी असतात.

निवडताना आधी तारीख ठरवावी. रंग त्यावरून ठरतो. अगदी सुरुवातीच्या विमानांना दोन पात्यांचा लाकडी पंखा होता, नंतर तीन पात्यांचा आला. वरची बाजू गडद हिरवी आणि मातकट तपकिरी. खालची बाजू युद्धाच्या सुरुवातीला अर्धी काळी, अर्धी पांढरी असे, जेणेकरून जमिनीवरच्या आपल्याच तोफा तिला ओळखतील. जून १९४० पासून तिथे फिकट हिरवट आकाशी रंग आला. तारीख चुकली तर उत्तम रंगवलेले मॉडेलही जाणकाराच्या नजरेत लगेच फसते.

ज्यांचा हात बसला आहे त्यांच्यासाठी ‘के५०५४’ हे खरे आव्हान. मूळ विमान आता अस्तित्वात नाही. ब्रिटनने युद्ध पुकारले त्याच्या दुसऱ्याच दिवशी, ४ सप्टेंबर १९३९ रोजी, फार्नबरो येथे उतरताना त्याला अपघात झाला आणि त्यात वैमानिकाचा जीव गेला. टँगमियरच्या संग्रहालयात आज दिसते ती पूर्ण आकाराची प्रतिकृती. म्हणजे मिचेल यांनी डोळ्यांनी पाहिलेले एकमेव ‘स्पिटफायर’ आता मॉडेलच्या रूपातच उरले आहे. त्या निळसर करड्या रंगाची नेमकी छटा कोणती, यावर अभ्यासक अजून भांडतात. छटा कोणतीही घ्या, पण रंग चकचकीत असल्याने लपवाछपवी चालत नाही. मातकट-हिरव्या छद्मरंगाखाली खपून जाणारा पुट्टीचा प्रत्येक ओरखडा इथे उठून दिसतो. म्हणून आधी करडा प्रायमर मारावा, उजेडात तिरके धरून पाहावे आणि पंखाच्या मुळाशी रेघ दिसली तर पुन्हा घासायला बसावे.